खान्देशात जिवंत स्फॅग्नम मॉस आणि त्यात ऑर्किड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळला आमच्या मागच्या बाल्कनीत मी जिवंत मॉस वाढवते आणि त्यातच ऑर्किड लावते. हे कळल्यापासून जळगाव, धुळे, शिरपूर, शहादा, चाळीसगाव सगळीकडून प्रश्न येत राहतात आणि बरेचसे तेच तेच असतात, म्हणून इथे एकत्र लिहिलेत. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला की नंबर दिलाय, तिकडे जाऊन वाचा. बाहेरचे व्हिडिओ बघून जसंच्या तसं इथे केलं की मॉस मरतं, कारण आपलं पाणी वेगळं आणि आपला मे महिना तर फारच वेगळा. माझेही पहिले दोन ट्रे असेच गेले.

१. स्फॅग्नम मॉस म्हणजे पावसाळ्यात गच्चीच्या भिंतीवर येतं तेच शेवाळ ना? ते खरवडून लावलं तर?

नाही, ते वेगळं. आपण मराठीत सगळ्यालाच शेवाळ म्हणतो, विहिरीतलं चिकट हिरवं पण शेवाळ आणि भिंतीवरची मखमल पण शेवाळ, म्हणून हा घोळ होतो. स्फॅग्नम ही दलदलीत वाढणारी मॉसची जात आहे, एकेक काडी बोटभर किंवा त्याहून लांब आणि टोकाला चांदणीसारखा गुबगुबीत शेंडा. मूळ नसतं. पानात पोकळ मेलेल्या पेशी असतात आणि त्या पाण्याने भरून जातात, त्यामुळे सुक्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरतं आणि तरी आत हवा खेळती राहते. ऑर्किडच्या मुळांना ओल पण हवी आणि हवा पण हवी, ते दोन्ही इथे एकत्र मिळतं. भिंतीवरचं मॉस दोन-तीन मिलिमीटरचं असतं, त्यात ना पाणी राहत ना मूळ. आणि ते चुना-सिमेंटवर वाढणारं, स्फॅग्नमला चुना म्हणजे विष (प्रश्न ४).

२. सुकं मॉस पाकिटात मिळतंच की, मग जिवंतचा खटाटोप कशाला?

सुकं पण चांगलंच आहे, मी पण वापरते. बाजारातलं चांगलं लांब धाग्याचं मॉस बहुतेक न्यूझीलंड आणि चिलीहून येतं, महाग पडतं आणि वर्ष-दोन वर्षांत कुजून त्याचा काला होतो. जिवंत मॉस कुजत नाही, वरून वाढत राहतं. ते पाण्यातले क्षार ओढून घेतं आणि बदल्यात आम्ल सोडतं, त्यामुळे कुंडीतलं वातावरण आंबट राहतं आणि सडवणाऱ्या जिवाणूंना तिथे मजा येत नाही. पहिल्या महायुद्धात जखमा बांधायला कापसाऐवजी हेच मॉस वापरायचे, शोषून घेतं आणि सडू देत नाही म्हणून.

पण मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे की जिवंत मॉस बोलतं. कोरडं पडलं की शेंडे पांढुरके होतात, क्षार वाढले की तपकिरी होतात. ऑर्किडचं मूळ खराब झालं तर आपल्याला दोन महिन्यांनी पान सुरकुतल्यावर कळतं, मॉस आठवडाभरात सांगतं.

३. बेणं आणायचं कुठून?

मी याला बेणंच म्हणते, केळीचं असतं तसं. आपल्या भागात नैसर्गिकरीत्या हे नाही. भारतात पूर्व हिमालयात, मेघालयाकडे, दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या थंड डोंगरात आहे. ऑनलाइन जिवंत स्फॅग्नम म्हणून मिळतं, मूठभर घ्या, जास्त नको. दुसरा मार्ग म्हणजे सिक्कीम-कालिम्पाँगकडून ऑर्किड मागवलं की मुळाभोवती कधी कधी हिरवं जिवंत मॉस गुंडाळलेलं येतं, ते फेकून देऊ नका. मागवायचं ते दिवाळीनंतर, कारण एप्रिलमध्ये पार्सल तीन दिवस गोडाऊनच्या पत्र्याखाली राहिलं की आत शिजून येतं, मला एकदा तसं आलं होतं, पिशवी उघडली तर उकडलेल्या पालकासारखा वास.

४. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, नळाचं पण आहे, कुठलं घालू?

दोन्ही नको. सगळ्या पानावर हेच एक उत्तर वाचलं तरी चालेल.

खान्देशातलं बोअरचं पाणी जड असतं, बादलीला आणि गिझरच्या कॉइलला जो पांढरा थर बसतो तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचाच. स्फॅग्नम वाढतं ते पावसाच्या पाण्यावर, जिथे क्षार जवळजवळ नसतात. ते क्षार ओढून घेतं हे वर लिहिलंय, पण बोअरच्या पाण्यात ते इतके असतात की मॉसच्या क्षार धरायच्या जागा भरून जातात, आंबटपणा संपतो, पीएच वर जातो, आणि कॅल्शियम जास्त अन् पीएच पण जास्त हे दोन्ही एकत्र आलं की पंधरा-वीस दिवसांत शेंडे करपतात. बरं, सुरुवातीला आठवडाभर छान हिरवं दिसतं त्यामुळे आपल्याला वाटतं जमलं. माझा पहिला ट्रे असाच गेला, आमच्या बोअरचं टीडीएस (लिटरभर पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मिलिग्रॅममध्ये) ८२० आहे हे मला मीटर घेतल्यावर कळलं आणि मीटर मी ट्रे मेल्यावर घेतला. तुम्ही आधी घ्या, टीडीएस मीटर महाग नसतो.

आकडा लक्षात ठेवा : ५० च्या खाली उत्तम, १०० पर्यंत थोडे दिवस ढकलता येतं, त्याच्या वर नाही.

पावसाचं पाणी सगळ्यात भारी आणि फुकट. आपल्याकडे पाऊस साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच, पण गच्चीवर दहा बाय दहा फुटांची स्वच्छ ताडपत्री तिरपी बांधली तर एका इंच पावसात सव्वादोनशे लिटरच्या वर पाणी जमतं, म्हणजे एक ड्रम एका पावसात. पहिले दोन पाऊस सोडून द्या, धूळ असते. ताडपत्रीवरून घ्या, सिमेंटच्या स्लॅबवरून नाही, स्लॅबचा चुना उतरतो. निळा ड्रम, वर घट्ट झाकण, डासांसाठी जाळी, सावलीत. माझा दीड बाय एक फुटाचा ट्रे झाकण अर्धं उघडं ठेवलं तर हिवाळ्यात आठवड्याला दोन-अडीच लिटर पितो, हिशोब तुम्हीच करा, एका ट्रेला एक ड्रम वर्षभर पुरून उरतो.

५. घरी आरओ आहे, ते चालेल ना? आणि पाण्याचा जार, एसीचं पाणी, बॅटरीचं पाणी?

आरओ चालतं पण मोजून. बऱ्याच मशीनमध्ये चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळतात, त्याचा एक छोटा स्क्रू असतो, शिवाय मिनरलचं कार्ट्रिज असतं, त्यामुळे आरओ असूनही मीटर १५० दाखवतं. सर्व्हिसवाल्याला सांगून मेम्ब्रेननंतर, मिनरलच्या आधी एक वेगळी नळी काढून घ्या.

जारचं पाणी प्लँटगणिक वेगळं, दर वेळी मीटर बुडवा. एसीचं पाणी क्षारमुक्तच असतं पण धूळ असते, फडक्यातून गाळा, आणि आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी की एसी थेंब थेंबच देतो, पावसाळ्यात जास्त. इन्व्हर्टरसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर एकदम चांगलं, फक्त त्याच दुकानात ॲसिडचे कॅन पण तसेच दिसतात, लेबल नीट बघा आणि मीटर लावा, शून्य ते पाच यायला हवं.

कूलरच्या टाकीतलं पाणी नको, ते उडून उडून आणखी खारं झालेलं असतं.

६. पाणी उकळून गार केलं तर? लिंबू पिळलं तर? तुरटी?

उकळल्याने थोडा जडपणा खाली बसतो पण बाकीचे क्षार तिथेच राहतात, वर पाणी आटल्यामुळे घट्ट होतात. लिंबू-व्हिनेगरने पीएच उतरतो, कॅल्शियम जात नाही. तुरटीने गाळ बसतो, क्षार नाही. तिन्ही करून बघितलंय, तिन्ही नको.

७. लावायचं कसं, सुरुवातीपासून सांगा.

पारदर्शक झाकणाचा उथळ प्लास्टिकचा डबा घ्या, चार-पाच इंच खोल, मिठाईवाल्यांकडे मिळतो तो पण चालतो. मातीचं भांडं नको, माती पाणी बाहेर काढते आणि स्वतःचे क्षार आत सोडते. तळाशी थर्माकोलचे तुकडे किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे हलके दाणे) एक इंच, त्यावर भिजवून पिळलेलं सुकं मॉस दीड इंच. कोकोपीट नको, त्यात मीठ असतं, कितीही धुतलं तरी मला भरवसा येत नाही.

मग जिवंत मॉसच्या काड्या कात्रीने इंच-इंचाच्या तुकड्यात कापायच्या. हो, कापायच्याच, शेंडा असो की मधली काडी, मधल्या काडीतून पण बाजूने नवे शेंडे फुटतात, ऊसाच्या डोळ्यासारखे. शेंडे वर करून ठेवा, उरलेले तुकडे विस्कटून पसरा, तळहाताने हलकं दाबा. पाणी इतकंच की थराच्या खाली एखादा इंच साचलेलं दिसलं पाहिजे, शेंडे बुडाले नाही पाहिजेत. झाकण लावा, रोज सकाळी पाच मिनिटं उघडा, वरून स्प्रे.

पहिला महिना काहीच होत नाही आणि लोक इथेच उकरून बघतात, नका उकरू. दुसऱ्या महिन्यात बारीक हिरवे ठिपके, आणि सगळं नीट असेल तर तीन-चार महिन्यांत गालिचा. तेव्हा वरचा दोन इंच भाग कापून वापरायचा, खालचं ठेवायचं, ते परत फुटतं.

८. कधी लावावं?

दिवाळी झाली की लगेच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला मॉसचा हंगाम आहे, हरभऱ्यासारखा. धुळ्याकडे रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा माणसं शेकोटीला बसतात आणि मॉस खुशीत असतं. दिवस पंचवीसच्या आसपास आणि रात्र थंड, याच्याइतकं चांगलं काही नाही. पावसाळ्यात पण वाढतं पण तेव्हा चिकट शेवाळ आणि गोगलगायी जास्त (प्रश्न १२). मार्चमध्ये नवीन ट्रे सुरू करू नका, कोणी फुकट बेणं दिलं तरी फ्रीजमध्ये ठेवा (प्रश्न १०).

९. ऊन किती द्यायचं? सावलीतलंच झाड आहे ना हे?

सावलीतलं नाही, दलदलीत ते उघड्यावरच असतं, उजेड भरपूर लागतो. अंधारात ठेवलं की काड्या लांब, बारीक, फिकट होतात. हिवाळ्यात सकाळचं कोवळं ऊन ५० टक्के हिरव्या नेटखालून दोन-तीन तास, बाकी दिवस भरपूर उजेड. घरात असेल तर साधी पांढरी २० वॅटची एलईडी ट्यूब फूटभर वर, बारा तास.

एक गोष्ट कधीच करू नका : झाकण बंद आणि थेट ऊन. जानेवारीत पण बंद डब्यात उन्हाने भट्टी होते. ऊन येणार असेल तर झाकण काढा, झाकण लावायचं असेल तर उन्हातून उचला.

१०. ताई, उन्हायामा हाई मॉस जगस का? (उन्हाळ्यात हे मॉस जगतं का?)

जगस, पण बाल्कनीत नाही. हा प्रश्न शिरपूरकडून अहिराणीत आला, तसाच ठेवलाय, कारण आपल्या सगळ्यांचा खरा प्रश्न हाच आहे.

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारच्या झळा लागतात आणि हवेत ओलावाच नसतो. स्फॅग्नमला तिशीपर्यंत ठीक, पस्तीसच्या वर ते थांबतं, आणि रात्र पण गरम राहिली की हळूहळू मरतं. पाणी कितीही घातलं तरी. उलट गरम साचलेल्या पाण्यात लवकर सडतं. माझा दुसरा ट्रे एप्रिलच्या शेवटी गेला, पाणी एकदम बरोबर होतं, फक्त लाइट सहा तास गेली आणि खोली तापली.

तेव्हापासून मी उन्हाळ्यात मॉस वाढवायचा नादच सोडला. उन्हाळ्यात फक्त बेणं सांभाळायचं. शेतकरी पुढच्या हंगामाचं बी वेगळं काढून ठेवतो तसंच. मी तीन ठिकाणी ठेवते म्हणजे एक गेलं तरी दोन राहतात.

पहिलं, फ्रीज. मार्चअखेर चांगले शेंडे कापून, हलकं पिळून, झिपच्या पिशवीत थोडी हवा ठेवून खाली भाजीच्या कप्प्यात. फ्रीझरमध्ये नाही. दोन-तीन महिने आरामात राहतं, फिकट पडतं, बाहेर काढल्यावर परत हिरवं होतं. पिशवीवर नाव लिहा, आमच्याकडे सासूबाई कोथिंबीर खराब झाली म्हणून फेकणारच होत्या.

दुसरं, कूलरची खोली. आपल्याकडे हवा कोरडी असल्यामुळे कूलर फार छान काम करतो, बाहेर ४४ असताना आत तीसच्या आसपास येतं आणि ओलावा पण मिळतो. एक छोटा डबा त्या खोलीत एलईडीखाली, कूलरच्या थेट झोतात नाही, झोताने शेंडे सुकतात.

तिसरं, थर्माकोलचा खोका, आत डबा, आणि बाजूला गोठवलेली पाण्याची बाटली, दुपारी बारा आणि चारला बदलायची. बाटलीचं बूच घट्ट असू द्या, आतलं नळाचं पाणी ट्रेमध्ये गळायला नको. बाहेरून जे दव सुटतं ते चालतं, ते शुद्धच असतं.

मृगाचा चांगला पाऊस होऊन हवा गार झाली की बेणं बाहेर.

११. रंग बदलला, मेलं का?

पांढरं : कोरडं पडलं, पाणी द्या, एक-दोन दिवसात उठतं. पिवळट लांबुळकं : उजेड कमी. लाल किंवा गुलाबी छटा : काही जातींना उजेड भरपूर मिळाला की येते, छान आहे, काळजी नको. शेंडे तपकिरी आणि कडक : क्षार किंवा खत, पावसाच्या पाण्याने दोन-तीनदा पूर्ण धुवा, पाणी फेका. काळपट मऊ आणि वास : उष्णतेने सडलं, तो भाग काढून टाका, आजूबाजूचं वाचवा. खालचा भाग तपकिरी आणि वरचा हिरवा, हे मात्र नैसर्गिकच आहे, खालून मरत वरून वाढत जातं.

मेलं म्हणून लगेच फेकू नका, महिनाभर ओलं ठेवा, बऱ्याचदा मधल्या काडीतून कोंब येतात.

१२. वर हिरवा चिकट थर आलाय आणि बारीक माश्या उडतात.

तो चिकट थर म्हणजे खरं शेवाळ. पाण्यात खत किंवा क्षार जास्त, पाणी वर पर्यंत साचलेलं आणि हवा नाही, अशा वेळी येतो. पाण्याची पातळी खाली घ्या, झाकण जास्त वेळ उघडं ठेवा, थर चिमट्याने उचला, शुद्ध पाण्याने धुवा. माश्यांसाठी पिवळे चिकट कागद. पावसाळ्यात गोगलगायी रात्री येतात, टॉर्च घेऊन वेचा, मीठ टाकू नका, मिठाने मॉस आधी मरेल.

१३. ऑर्किड त्यात लावायचं कसं? सगळी कुंडी जिवंत मॉसने भरायची का?

भरायची गरज नाही, पुरणार पण नाही. मुळाभोवती भिजवून पिळलेलं सुकं मॉस सैल गुंडाळा, पारदर्शक प्लास्टिकच्या भोकाभोकाच्या कुंडीत बसवा, आणि वर इंचभर जिवंत मॉस, शेंडे वर. सैल म्हणजे खरंच सैल, बोट घातलं तर सहज गेलं पाहिजे. दाबून भरलं की आत हवा राहत नाही आणि मूळ सडतं, मॉसमध्ये ऑर्किड सडलं म्हणणाऱ्या बहुतेकांच्या कुंड्या मी बघितल्यात, विटेसारख्या ठासलेल्या असतात.

पाणी कधी, तर वरचे शेंडे जरा फिकट व्हायला लागले की. ट्रेमध्ये मॉस सतत ओलं लागतं, पण कुंडीत ऑर्किड आहे, तिथे दोघांच्या मधला मार्ग काढायचा. फॅलेनॉप्सिस (रुंद पानांचं, फुलपाखरासारख्या फुलांचं ऑर्किड) असेल तर पानांच्या मधल्या बेचक्यात मॉस चढू देऊ नका, दोन महिन्यांनी कात्रीने छाटत राहा, तिथे पाणी साचलं की शेंडा सडतो. खालचं सुकं मॉस दोन वर्षांनी बदलायचं, वरचं जिवंत उचलून परत वापरायचं.

१४. कुठले ऑर्किड यात चालतात? शेतातल्या आंब्यावर एक ऑर्किड आहे, ते काढून लावू का?

फॅलेनॉप्सिस, लहान रोपं, बाटलीतून काढलेली टिश्यू कल्चरची बाळं, मुळं गेलेली आजारी झाडं, डेंड्रोबियमच्या (उसासारख्या काड्यांचं ऑर्किड) काडीवर फुटणारी पिल्लं, यांना छान. मोठं डेंड्रोबियम मी नारळाच्या सालीत आणि कोळशातच ठेवते.

आंब्यावरचं बहुधा रास्ना असेल, व्हँडाची जात. त्याची जाड मुळं उघडी, वाऱ्यावर राहायला बनलीत, पाऊस संपला की कोरडं राहायला बनलीत. मॉसमध्ये घातलं तर सडेल. ते आंब्यावरच राहू द्या, तिथे ते तुमच्या-माझ्या मदतीशिवाय ४५ डिग्री झेलतंय. आणि यावल किंवा गौताळा अभयारण्यातून तर कुठलंच झाड उचलायचं नाही, तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. फांदी तुटून पडलेली दिसली आणि झाड वाचवावंसं वाटलं तर वनखात्याच्या माणसाला विचारा.

१५. ऑर्किडला खत लागतं, मॉसला चालत नाही, मग करायचं काय? जीवामृत तरी चालेल का?

जीवामृत, शेणपाणी, गांडूळ खत, यातलं काही नको. केळीला जे अमृत ते मॉसला चालत नाही, शेवाळ माजतं आणि आठवड्यात मॉस खाली दबतं.

आपल्या घरी ड्रिपमधून सोडायचं १९:१९:१९ हे विद्राव्य खत असतंच, तेच घ्या, पण एका लिटरला पाव ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चिमूट. शुद्ध पाण्यात. पंधरा दिवसांतून एकदा, पानांच्या वर-खाली स्प्रे करायचं, मॉसवर प्लास्टिकचा तुकडा झाकून. दुसऱ्या दिवशी साध्या शुद्ध पाण्याने कुंडी धुवायची. ऑर्किड हळू वाढेल, मान्य, पण फुलतं. ज्यांना भराभर मोठं झाड हवंय त्यांनी जिवंत मॉसच्या नादी लागू नये, साल-कोळशात लावून नीट खत द्यावं.

१६. बुरशी आली, शेतासाठी आणलेलं औषध मारू?

पाकिटावर कॉपर लिहिलंय का बघा. कॉपर ऑक्सिक्लोराइड, बोर्डो, यातलं तांबं मॉसला मारतं. पांढरी कापसासारखी बुरशी असेल तर बाधित भाग दोन बोटं जास्तीचा काढा, हवा वाढवा, बहुतेक तेवढ्यानेच जाते. ऑर्किडच्या कापलेल्या मुळाला दालचिनीची पूड लावते मी, पण फक्त कापावर, मॉसवर नाही.

१७. केळीच्या सोपटाचा धागा मॉसऐवजी वापरला तर? आमच्याकडे ढिगाने पडलाय.

रावेर-यावलकडून हा प्रश्न हमखास येतो आणि वाटतं पण की का नाही. सोपट पाणी धरतं खरं, पण लवकर कुजतं, कुजताना तापतं, बुरशी येते, महिन्या-दीड महिन्यात त्याचा लगदा होतो. नारळाची साल आणि लाकडी कोळसा हाच आपल्याकडचा खरा पर्याय आहे, तो वापरा. सोपट कंपोस्टला घाला.

१८. लग्नाला आठ दिवस गावी जायचंय.

हिवाळा असेल तर काहीच नाही, पाणी नेहमीच्या पातळीवर, झाकण पूर्ण बंद, उन्हातून आत उचलून उजेडाच्या खोलीत ठेवा. शेजारच्यांना पाणी घालायला सांगू नका, ते प्रेमाने नळाचं घालतील. आपल्याकडची लग्नं मात्र एप्रिल-मेमध्येच असतात, तेव्हा सरळ फ्रीज (प्रश्न १०).

१९. हाताला काही होतं का?

मॉसमध्ये एक बुरशी असू शकते, स्पोरोथ्रिक्स. कापलेल्या-खरचटलेल्या जागेतून आत जाते आणि गाठी-जखमा येतात. १९८८ मध्ये अमेरिकेत रोपं बांधायला वापरलेल्या स्फॅग्नममुळे १५ राज्यांत ८४ लोकांना झालं होतं. घाबरायचं कारण नाही, पण रबरी हातमोजे घाला, सुकं मॉस आधी भिजवा म्हणजे धूळ उडत नाही, नंतर साबणाने हात धुवा. बोटावर न भरणारी गाठ आली तर डॉक्टरांना मॉस हाताळता हे आवर्जून सांगा.

२०. सुक्या पाकिटातलं मॉस भिजवलं तर त्यातूनच हिरवं आलं, हे जिवंत झालं का?

कधी कधी खरंच होतं. पण दहापैकी आठ फोटोंमध्ये मला ते चिकट शेवाळ किंवा दुसरं बुटकं मॉसच दिसतं. भिंग घेऊन बघा, चांदणीसारखा शेंडा दिसला तर स्फॅग्नम. सपाट, बुळबुळीत, बोटाला चिकटणारं असेल तर नाही (प्रश्न १२). खरं आलं असेल तर अभिनंदन, चिमट्याने उचलून वेगळ्या डब्यात लावा, पार्सलचे पैसे वाचले.

२१. तोरणमाळला उघड्यावर येईल का?

तोरणमाळ हजार मीटरच्या वर आहे, हवा आपल्यापेक्षा बरीच गार, जून ते फेब्रुवारी नेटखाली ट्रेमध्ये सहज यावं. पण मार्चपासून तिथेही हवा कोरडीच. आणि यशवंत तलावाचं पाणी असो की झऱ्याचं, मीटर बुडवल्याशिवाय घालू नका. ट्रेमध्येच ठेवा, मोकळ्या रानात आणून सोडायचं नाही, तिथलं ते नाही.

२२. शेडनेट आहे, व्यवसाय म्हणून केलं तर?

नका करू. ज्या गोष्टीला शुद्ध पाणी आणि उन्हाळ्यात थंडावा विकत द्यावा लागतो ती थंड डोंगरातल्या फुकट वाढणाऱ्या मॉसशी भावात लढू शकत नाही. कर्ज काढून तर अजिबात नाही. चार-पाच ट्रे करा, स्वतःच्या ऑर्किडला वापरा, उरलं तर ओळखीच्यांना बेणं द्या. ज्यांना दिलंय त्यांच्याकडूनच मी माझं गेल्यावर परत आणलंय, आपल्या भागात टिकवायचा तोच खरा उपाय आहे.

२३. नुसतं शुद्ध पाणी दिलं तर ऑर्किडला कॅल्शियम कमी पडणार नाही का? अंड्याचं कवच टाकू?

बारकाईचा प्रश्न आहे. हो, दोन-तीन वर्षं फक्त पावसाचं पाणी दिलं तर पडतं, नव्या पानाचं टोक काळं पडून वाळतं. कवच, चुना नको, त्याने मॉस जाईल. दोन पद्धती आहेत. महिन्यातून एकदा कॅल्शियम नायट्रेट लिटरला ०.१ ते ०.२ ग्रॅम, मॉस झाकून फक्त पानांवर, आणि हे १९:१९:१९ बरोबर त्याच पाण्यात मिसळायचं नाही, साका बसतो. नाहीतर वर्षातून दोनदा वरचं जिवंत मॉस टोपीसारखं उचलून बाजूला ठेवायचं, कुंडीला कॅल्शियमचं पाणी द्यायचं, दोन दिवसांनी शुद्ध पाण्याने भरपूर धुवायचं, आणि टोपी परत ठेवायची. मी दुसरी करते, त्या निमित्ताने मुळं पण बघून होतात.

२४. आमचं केळी पिकवायचं चेंबर आहे, १६-१८ डिग्री असतं, मे महिन्यात मॉस आणि ऑर्किड तिथे ठेवले तर?

सावद्याहून दोघांनी विचारलंय. ऑर्किड अजिबात नको. केळी पिकवायला इथिलीन सोडतात, आणि इथिलीनने ऑर्किडच्या कळ्या पिवळ्या पडून गळतात, उमललेलं फूल दोन दिवसात मिटतं. घरात सुद्धा पिकलेल्या केळीचा घड ऑर्किडशेजारी टांगू नका, आपल्याकडे तो टांगलेला असतोच, निदान दुसऱ्या खोलीत टांगा.

मॉसचं बेणं बंद झिपच्या पिशवीत असेल तर तिथलं तापमान चालेल, फ्रीजसारखंच समजा, पण अंधार असतो म्हणून महिनाभरात बाहेर काढून बघा. आणि पिशवी क्रेटच्या खाली येणार नाही अशा ठिकाणी भिंतीला अडकवा, माल भरताना कोणी बघत नाही.